कापड कमी पडलं

सुरीखालून मेणाची पट्टी उतरत होती आणि तिच्यात काहीच नव्हतं.

मी यंत्राचं चाक थांबवलं. पट्टी चिमट्यानं उचलून खिडकीकडं धरली. आत माणसाचं मांस असलं की मेणाच्या पट्टीत फिकट पांढरी रेघ दिसते. ही आरपार कोरी होती. ब्लॉक, म्हणजे ज्यात ते मांस बसवलेलं असतं ती मेणाची छोटी वडी, यंत्रातून सोडवून उजेडात पाहिली. तासाभरापूर्वी तिच्यात शेवयांच्या तुकड्यांसारखे तीन धागे होते. आता कडेला एक ठिपका उरला होता, तोही आहे म्हटलं तर आहे. यंत्राखालच्या ट्रेमध्ये मात्र कातरणाचा ढीग पडला होता.

ते तीन धागे शालन बोंगाळे नावाच्या बाईच्या उजव्या फुप्फुसातले होते.

"अरे देवा" वगैरे मी काही म्हणालो नाही. मी आधी दाराकडं बघितलं. कुणी पाहिलं तर नाही ना, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. बाईचा विचार दुसरा. बारा वर्षं झाली, पण तो क्रम मी विसरलेलो नाही.

मी भूपाल मगदूम. मिरजेतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेव्हा मला सोळा वर्षं झाली होती. सुईनं काढलेला मांसाचा कण मेणात बसवायचा, त्याचे केसाहून वीसपट पातळ काप काढायचे, ते काचेवर पसरून रंगवायचे, मग आमच्या आठल्ये मॅडम ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरून रोगाचं नाव सांगणार. काप काढणं हे माझं काम आणि माझा तोरा. नदाफमामांनी मला ते शिकवलं. हातात सिगरेट नाही तर सुरी, असा माणूस. त्यांचा एकच नियम होता : "पुरा चेहरा आल्याबिगर चाक थांबवायचं न्हाई." म्हणजे वडीतला सगळा तुकडा एका कापात दिसला पाहिजे, अर्धामुर्धा नाही. त्यासाठी वरचं मेण आणि मेणाबरोबर थोडं मांस उतरवून टाकावं लागतं. मामांच्या काळात त्यात काही चूक नव्हती. रोगाचं नाव कळलं की वडीचं काम संपायचं, ती डब्यात जाऊन पडायची. माझ्या स्लाइडा बघून कोल्हापूरचे डॉक्टर फोनवर विचारायचे, "ही कुणी कापली हो?" मॅडम माझं नाव सांगायच्या आणि मी शेजारच्या खोलीतून ते कान देऊन ऐकायचो.

त्या जूनमध्येच मॅडम मला म्हणाल्या होत्या, "काळ बदललाय, भूपाल. नुसतं कॅन्सर म्हणून भागत नाही. त्याच तुकड्यातून रोगाची जनुकं तपासायची असतात, त्यावर औषध ठरतं. फुप्फुसाचा सुईचा तुकडा आला की पहिल्याच बैठकीत दहा कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या, स्लाइडा काढून ठेवत जा. वडी एकदा यंत्रातून काढली की परत तशीच बसत नाही."

मी "हो मॅडम" म्हणालो. मनात म्हणालो, पुस्तकातलं बोलतायत. दहा कोऱ्या स्लाइडा पहिल्याच बैठकीत, म्हणजे चेहरा नीट यायच्या आधीपासून! असलं अर्धवट काम माझ्या हातचं म्हणून तपासणीला मुंबईच्या लॅबकडं जाणार? पालथ्या घड्यावर पाणी.

शालन बोंगाळेंची वडी आली ऑगस्टमध्ये. मी नेहमीसारखा पुरा चेहरा आणला. स्लाइड अशी उतरली की मॅडमनी मला बोलावून दाखवली. तीन धागे सरळ, शेजारी शेजारी, कुठं चुरगळ नाही. "ही विद्यार्थ्यांना दाखवायच्या पेटीत ठेवू या," म्हणाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर होता, पसरलेला. मग कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली : बाईंनी आयुष्यात बिडी-सिगरेट ओढलेली नाही, जनुकीय चाचणी करावी. मॅडम भाच्याच्या लग्नाला पुण्याला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "दहा कोऱ्या काढून मुंबईला पाठव. सांभाळून कर."

मी वडी पुन्हा यंत्रात बसवली. ती किंचित तिरकी बसली. पहिले काप आले ते एका बाजूचेच, दोन धागे दिसतात आणि तिसरा नाही. त्यातल्याच दहा कापांत काम भागलं असतं. पण चेहरा पुरा नव्हता ना. मी चाक फिरवत राहिलो. आता येईल, आता येईल. तिसरा धागा वर आला तोवर पहिले दोन खाली ट्रेमध्ये गेले होते, आणि तिसराही दोन वळशांत संपला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमचे अण्णा कुणालाही म्हणायचे. त्या दिवशी ते मला म्हणायला हवे होते.

ट्रेमधलं कातरण गोळा करून तेच पाठवावं, असंही मनात येऊन गेलं. पण त्यात सकाळच्या आणखी चार पेशंटांचं मेण मिसळलेलं होतं. कुणाच्या जनुकांवर कुणाला औषध मिळालं असतं, देव जाणे. तेवढी माझी हिंमत झाली नाही. त्याला चांगुलपणा म्हणू नये. मी ट्रे कचऱ्यात उपडा केला आणि हात धुतले.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. त्यांनी वडी उजेडाला धरली.

"अरे, यात तर काहीच नाही."

"तुकडा वरवरच होता, मॅडम. चार काप खाली गेलो आणि संपला."

"स्लाइडवर तर बरा दिसला होता."

"दिसायला दिसला. खोली नव्हती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. सोळा वर्षांत मी त्यांना खोटं सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं खोटं सांगतानाचा माझा चेहरा त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी सुस्कारा सोडला आणि कागदावर लिहिलं : नमुना अपुरा, चाचणी शक्य नाही. खाली सही केली.

तो कागद न्यायला नवरा-बायको दोघं आले. रंगनाथ बोंगाळे म्हणजे लक्ष्मी मार्केटच्या मागं पँट-शर्ट शिवणारे शिंपी. गळ्यात टेप तशीच लोंबत होती, काढायची राहिली असावी. शालनताई दुकानातली हातशिलाई करायच्या. काजं, बटणं, हूक, साड्यांचे फॉल. बाकावर बसल्या बसल्यासुद्धा मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज होता आणि बोटं चालू होती. बाई अठ्ठेचाळीसच्या, अंगानं वाळलेल्या. खोकला आला की सुई हवेत थांबायची, खोकला संपला की परत चालू.

"अपुरा म्हंजे?" रंगनाथांनी विचारलं.

"तपासायला तुकडा पुरला नाही."

"मग ती गोळी?"

"चाचणीशिवाय ती देत नाहीत."

रंगनाथ बायकोकडं न बघता मला सांगू लागले, जणू मला ते माहीतच नव्हतं. "डॉक्टर म्हणले होते, बिडी-काडी न ओढणाऱ्या बायामाणसांत लई वेळा रोगाच्या पेशीत एक ठरावीक बिघाड असतोय. तो घावला तर सलाईन नको, ॲडमिट नको. रोज एक गोळी, ती नेमकी त्या बिघाडावरच बसती. मला लगेच कळलं बगा. सलाईन म्हंजे रेडिमेड, सगळ्यांस्नी एकच माप. गोळी ही मापानं शिवलेली. आता माप घ्यायलाच काय न्हाई म्हणल्यावर…"

"पुन्हा एकदा सुई घालून तुकडा काढता येतो," मी म्हणालो.

"मी न्हाई घेणार," शालनताई मान वर न करता म्हणाल्या. "मागल्या सुईला फुप्फुसात हवा भरली. बरगडीत नळी घालून पाच दिवस पडले होते. मासा पाण्याबाहेर काढल्यागत. पुन्हा न्हाई. सलाईन तर सलाईन."

"कापडच कमी पडलं म्हणायचं," रंगनाथ म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

मी आत वळणार, तेवढ्यात शालनताईंनी हाक मारली. "भाऊ, थांबा. एप्रनचं बटण कुटं हाय तुमचं?"

वरून दुसरं बटण आठवड्यापूर्वी तुटलं होतं. खिशातच होतं, मी पिन लावून भागवत होतो. राहू दे, राहू दे म्हणेपर्यंत त्या उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या ग्लासातली एक लाकडी काडी उचलून माझ्यापुढं धरली.

"तोंडात धरा. अंगावरचं कापड शिवू न्हाई, अपशकुन असतोय. काडी धरली की चालतंय. आणि बोलायचं न्हाई."

मी काडी दातात धरली. त्यांनी दोरा ओवला, सुईकडं न बघता, नवऱ्याला घरी जाताना भाजी काय घ्यायची ते सांगत सांगत. चार टाके, बटणाखाली दोऱ्याचे दोन वेढे, गाठ, दोरा दातानं तोडला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मला वाटलं, आता बोलावं. आत्ता. तोंडात काडी होती. ती काढायला हात वर करायचा होता फक्त.

"झालं. आता हे बटण एप्रन फाटला तरी निघायचं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या कामाचं कौतुक वाटत होतं, मला वाटायचं तसंच.

त्या आठवड्यात त्यांचं पहिलं सलाईन, म्हणजे पहिली केमो झाली.

त्यानंतर मी बाजारात जाताना लक्ष्मी मार्केटचा रस्ता टाळू लागलो. तरी एकदा चुकून दुकानासमोरून गेलोच. शालनताई आत बसल्या होत्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. हातात काही नव्हतं. मी मान खाली घालून पुढं गेलो. घरी जेवणावरून उठायचो, मिसेस विचारायची काय झालं, मी म्हणायचो पित्त. स्वतःची समजूत घालण्यात माणूस वकिलाला मागं टाकतो. मी स्वतःला सांगत होतो, बिघाड असेलच कशावरून? नसता निघाला तर सलाईनच द्यावं लागलं असतं. म्हणजे नुकसान कुठं झालंय? हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. अकराव्यांदा म्हणायची वेळ आली की झोप मोडायची.

मध्ये आमचं दशलक्षण पर्व आलं आणि गेलं. आम्हा जैनांत पर्व संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची. मी दरवर्षी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडायचो. त्या वर्षीही गेलो.

"वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा असावी, मॅडम."

"तुझं काय चुकणार, भूपाल?" त्या दरवर्षीसारखंच हसून म्हणाल्या आणि खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो घेतला. तोंडात टाकला. देवाच्या नावावर खोटं बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ती त्या दिवशी आली.

तीन केमो झाल्या. सातवा आठवडा संपत आला होता. एका दुपारी रंगनाथ काउंटरवर आले, एकटेच.

"मगदूमसाहेब, तिच्या स्लाइडा पाहिजेत. पुण्याला एका मोठ्या डॉक्टरांस्नी दाखवायच्यात. दुसरं मत घ्यावं म्हणलं."

स्लाइडा मागायला नातेवाईक येतच असतात. पुणे-मुंबईच्या गाडीत मांडीवर डबा घेऊन बसतात. मी पेटीतून ती देखणी स्लाइड आणि तिच्याबरोबरची दुसरी, दोन्ही काढल्या आणि रुमालाच्या घडीत ठेवू लागलो.

"ताई कशा आहेत?"

"केस गेलं, ते येतील म्हणत्यात. खोकला हायच. पण बोटं बधिर झाल्यात ओ तिची. मुंग्या येत्यात, मग काय कळतच न्हाई. परवा दिवसभर एक दोरा ओवत बसली होती. ओवला न्हाई. मग सुईच फेकून दिली. डॉक्टर म्हणले सलाईनचा परिणाम, जाईल हळूहळू. काहींचा जात न्हाई, असंबी म्हणले."

ते माझ्या हातातली स्लाइड उजेडात निरखू लागले. शिंप्याची नजर ती. गुलाबी-जांभळे तीन धागे काचेवर स्पष्ट दिसत होते.

"हे तिचं व्हय? एवढं होतं की." मग हसले, थकलेलं हसू. "तुम्हास्नी गंमत सांगतो. आमच्या धंद्यात कातरताना हात चुकला, बाही वाकडी गेली, की आम्ही गिऱ्हाइकाला काय सांगतो ठाऊक हाय? कापड कमी पडलं. गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतंय. त्याला काय कळणार?"

त्यांना काही सुचवायचं नव्हतं. मी नंतर शंभर वेळा तो चेहरा आठवून पाहिला आहे, त्यात संशय नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं. मी दोन्ही काचा काउंटरवर ठेवल्या.

"बोंगाळे, तुम्ही बसा जरा," मी म्हणालो. "स्लाइडा नेऊ नका. बसा."

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. उभ्यानं सगळं सांगितलं. तिरकी बसलेली वडी, चाक, कातरण, खोली नव्हती म्हणून सांगितलेलं खोटं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"पुरेसा होता?"

"दोन चाचण्यांना पुरला असता."

"आणि मी त्यावर सही केली." त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. "क्षमा मागायला आला होतास तू. मी तुला खडीसाखर दिली. लाज नाही वाटली?"

"वाटली."

"वाटून काय केलंस?"

त्यांनी फोन उचलला आणि मुंबईच्या लॅबला लावला. रंगवलेल्या स्लाइडवरचं मांस खरवडून पाठवलं तर चाचणी कराल का, असं त्या विचारत होत्या. पलीकडचा माणूस नाही म्हणत होता. तेव्हा अशी पद्धत फारशी नव्हती. मॅडम पाऊण तास भांडल्या. एकदा आवाज इतका चढला की बाहेरची रिसेप्शनिस्ट डोकावून गेली. हा फोन त्यांना सात आठवड्यांपूर्वीही करता आला असता. पण तेव्हा तुकडाच लहान होता, नशीब होतं. नशिबाशी कोण भांडतं? आता चूक आमची होती, म्हणून त्या भांडत होत्या.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "खात्री देत नाहीत. पण घेतो म्हणाले. आता बाहेर जाऊन त्यांना तू सांगशील की मी सांगू?"

"मी सांगतो."

मी रंगनाथांच्या शेजारी बाकावर बसलो आणि सांगितलं. ते गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. मी संपवलं तेव्हा टेप बोटाला करकचून बसली होती.

"म्हंजे कापड कमी पडलं नव्हतं."

"नाही."

"तीन सलाईन झाली ओ."

"हो."

"गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर मी माझ्या खर्चानं नवं आणून देतो. आजवर दोनदा दिलंय. तुम्ही काय आणून देणार?"

ते ओरडले असते, गचांडी धरली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"शालनला यातलं काय सांगायचं न्हाई. तिला वाटतंय रोगानं बोटं गेली. रोगावर राग धरून बसल्या ती, त्याच रागावर उठती, जेवती. माणसानं घालवली म्हणून कळलं तर राग कुणावर धरंल? तुम्ही तर तिला भाऊ." त्यांनी बोटाची टेप सोडवली. "सांगायचं न्हाई. शपथ घ्या."

मी शपथ घेतली.

मॅडमनी स्लाइडांचे फोटो काढून ठेवले, कारण रोग कुठला हे सांगणारा तेवढाच पुरावा होता. वरची काच सुटायला स्लाइडा दोन दिवस झायलीन या द्रावणात बुडवून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मॅडम नवं ब्लेड माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तूच खरवड." त्या शेजारी उभ्या राहिल्या. मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी स्लाइड खरवडली. पहिला धागा, दुसरा, तिसरा. जांभळट भुकटी झाली, चिमटीतल्या मिठाहून कमी, ती नळीत भरली. काच स्वच्छ झाली. विद्यार्थ्यांच्या पेटीतला तो खण मॅडमनी पुढं कधी भरला नाही.

बाराव्या दिवशी मुंबईचा कागद आला. बिघाड सापडला होता. नेमका तोच, जो गोळीनं सांभाळता येतो. मॅडमनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच दिसत होतं, की बिघाड असेलच कशावरून, हा माझा दिवसातून दहा वेळचा आधारही गेला.

संक्रांतीला शालनताई तिळगूळ घेऊन लॅबमध्ये आल्या. मी त्यांना पटकन ओळखलं नाही. अंग भरलं होतं, डोक्यावर बोटभर केस आले होते. खोकला एकदाही आला नाही. मागं रंगनाथ उभे होते.

"घ्या भाऊ, गोड बोला. दुसरा रिपोर्ट तुम्ही खटपट करून काढला म्हणत होते हे. देव तुमचं भलं करो."

मी तिळगूळ घेतला. रंगनाथ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"आणि हे काय? पुन्हा बटण!" एप्रनचं तिसरं बटण दोऱ्याला लोंबत होतं. "तुमच्या घरात सुई-दोरा हाय का न्हाई? थांबा."

"राहू दे, ताई. मी लावतो."

"पुरुषांनी लावलेलं बटण म्हंजे नळाला बांधलेली चिंधी. थांबा म्हणते न्हवं."

त्यांनी पर्समधून सुई काढली. दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुईपाशी नेलं. ते एका बाजूनं गेलं. पुन्हा नेलं, दुसऱ्या बाजूनं गेलं. आता त्या सुईकडं डोळे फाडून बघत होत्या. चौथ्यांदा दोरा बोटांतून निसटून खाली पडला आणि तो पडला हेही त्यांना जरा उशिरानं कळलं.

"ओवा बरं तुम्हीच," त्या हसत म्हणाल्या. "मेल्या रोगानं जाता जाता बोटं नेली."

मी ओवून दिला. त्यांनी काउंटरवरची काडी माझ्यापुढं धरली. "अंगावर शिवायचं हाय."

मी काडी दातात धरली. त्या एकेक टाका घालत होत्या, श्वास रोखून, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं. तिसऱ्या टाक्याला सुई कापडातून वर आली आणि सरळ त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात गेली. चांगली आत गेली. त्या तशाच टाका ओढत राहिल्या. पांढऱ्या एप्रनवर लाल ठिपका उमटला, मोठा होऊ लागला. त्या बटणाकडं बघत होत्या, ठिपका त्यांना दिसला नव्हता, आणि बोटानं तर काही सांगितलंच नव्हतं.

मी काडी काढली. "ताई, बोट!"

"अगं बया!" त्यांनी बोट तोंडात घातलं. "डाग पडला की तुमच्या एप्रनला. थंड पाण्यात टाका लगेच, जातोय. माझं मेलीचं ध्यानच न्हाई."

"ताई, तुमची बोटं…" मी म्हणालो. पुढचं वाक्य ओठावर आलं होतं. त्यांच्या खांद्यावरून मला रंगनाथ दिसले. ते आता कॅलेंडर बघत नव्हते. माझ्याकडं बघत त्यांनी मान हलवली, अगदी जरा. नाही.

"माझी बोटं काय?"

मी काडी परत तोंडात धरली. त्यांनी उरलेला टाका घातला, गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

गोळीनं शालनताईंना साडेतीन वर्षं दिली. धाकट्या लेकीचं लग्न त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. लेकीच्या शालूला फॉल मात्र दुसऱ्या बाईकडून लावून घेतला. मी त्यांना कधीच काही सांगितलं नाही.

तो एप्रन आता वापरात नाही, कपाटात घडी घालून ठेवला आहे. डाग थंड पाण्यानं खरंच गेला. तिसरं बटण दुसऱ्या धुण्यातच गळालं, टाके सैल होते. वरून दुसरं, त्यांनी न बघता लावलेलं, अजून जागच्या जागी आहे. मी अधूनमधून ओढून बघतो. निघत नाही.